हळदीचा साबण : रंग उडाला तरी चालेल, विश्वास उडू नये

कमी भांडवलात, घर सांभाळून करता येण्याजोगा उद्योग कोणता, असा प्रश्न आपल्या समाजातील भगिनी आणि होतकरू तरुण नेहमी विचारतात. मेणबत्ती, अगरबत्ती, लोणची, पापड, मसाले ही उत्तरे ठरलेली आहेत. आता त्यात हाताने बनवलेल्या साबणाची भर पडली आहे आणि त्यातही हळदीच्या साबणाची चौकशी जास्त होते. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन लगेच विक्रीला बसणारेही पुष्कळ आहेत. म्हणून हा साबण खरोखर कसा तयार होतो, त्यात धोका कोठे आहे, हिशेब कसा बसतो आणि विक्रीपूर्वी कायद्याने काय करावे लागते, ही माहिती आम्ही या लेखात एकत्र देत आहोत.

हळदच का?

हळद आपल्या घरात नवी नाही. लग्नघरातील उटणे असो की बोट कापल्यावर दाबून धरलेली चिमूटभर पूड असो, तिचा गुण आपल्याला आजी-नानीकडून कळलेला आहे. १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. हे ज्ञान भारतात पूर्वापार आहे याचे लेखी पुरावे परिषदेने दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

मात्र जखमेवर लावून ठेवलेली हळद वेगळी आणि साबणातली हळद वेगळी. साबण अंगावर अर्धा-एक मिनिट राहतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. तेव्हा साबणातल्या हळदीकडून औषधाची अपेक्षा करू नये आणि गिऱ्हाइकालाही तशी आशा लावू नये. चांगल्या वनस्पती तेलाचा, भरपूर ग्लिसरीन असलेला, ओळखीच्या वस्तूंपासून बनवलेला साबण ही त्याची खरी किंमत आहे आणि ती काही कमी नाही.

चरबीचा प्रश्न

मुसलमान गिऱ्हाइकाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. साबण तेलापासून होतो तसा जनावरांच्या चरबीपासूनही होतो. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘सोडियम टॅलोएट’ असे लिहिलेले असेल, तर त्यात चरबी आहे असे समजावे. ती कोणत्या जनावराची आणि कशी मिळवलेली, हे वेष्टनावरून कळत नाही. निव्वळ वनस्पती तेलाचा साबण केला की हा प्रश्नच उरत नाही. पॅलेस्टाईनमधील नाब्लुस आणि सीरियातील हलब, म्हणजे अलेप्पो, ही शहरे ऑलिव्ह तेलाच्या साबणासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहेत. २०२४ साली या दोन्ही ठिकाणच्या साबणकलेची युनेस्कोने मानवतेच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्यांच्याकडे ऑलिव्ह होते. आपल्याकडे कोकणचे खोबरेल, भुईमुगाचे तेल आणि एरंडेल आहे.

साहित्य आणि प्रमाण

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग. या संयोगातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. प्रमाण बरोबर असेल तर तयार साबणात मोकळा सोडा शिल्लक राहत नाही. प्रमाण चुकले तर तोच सोडा कातडी भाजतो. म्हणून येथे वाटी-चमच्याचा अंदाज चालत नाही. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा ही या धंद्यातील पहिली खरेदी. पाणीसुद्धा वजनानेच घ्यावे.

एक किलो तेलाचे प्रमाण असे :

खोबरेल तेल – ४०० ग्रॅम
भुईमुगाचे तेल – ५०० ग्रॅम
एरंडेल – १०० ग्रॅम
कॉस्टिक सोडा – १४६ ग्रॅम
पाणी (गाळलेले, शक्यतो डिस्टिल्ड) – ३०० ग्रॅम
हळदपूड – १० ग्रॅम

खोबरेलामुळे साबण कडक होतो आणि फेस येतो. भुईमुगाच्या तेलाने तो सौम्य होतो आणि एरंडेलामुळे फेस टिकतो. सोड्याचा आकडा कोठून आला, तेही समजून घ्यावे. १०० ग्रॅम खोबरेलास सुमारे १८.३ ग्रॅम, भुईमुगाच्या तेलास १३.६ ग्रॅम आणि एरंडेलास १२.८ ग्रॅम सोडा लागतो. वरील तेलांची बेरीज १५४ ग्रॅम होते. त्यातून पाच टक्के सोडा मुद्दाम कमी केला म्हणजे थोडे तेल साबणात मोकळे राहते आणि कातडी कोरडी पडत नाही. एखादे तेल बदलले की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. जुन्याच आकड्यावर नवे तेल टाकू नये.

सावधगिरी

कॉस्टिक सोडा हा अत्यंत दाहक पदार्थ आहे. काम सुरू करण्यापूर्वी रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि निघणारी वाफ हुंगू नये. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास मिश्रण उसळून तोंडावर येते. भांडी स्टीलची किंवा जाड प्लॅस्टिकची असावीत. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात वापरू नये, कारण सोडा ते खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.

सोडा अंगावर उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावे, लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसू नये. डोळ्यात गेला तर किमान पंधरा मिनिटे पाण्याने धूत राहावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. सोड्याच्या डब्याला घट्ट झाकण हवे, वर ठळक अक्षरांत नाव हवे आणि डबा कुलपात हवा. पांढरे खडे पाहून मुलांना ती साखर वाटू शकते.

कृती

प्रथम सोडा पाण्यात विरघळवून बाजूला ठेवावा. हे पाणी फार तापते. ते ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे. तेले एकत्र करून तितकीच कोमट करावीत. हळदपूड दोन-तीन चमचे तेलात कालवून घ्यावी म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग तेलात सोड्याचे पाणी बारीक धारेने सोडून घोटत राहावे. हाताने घोटल्यास अर्धा-पाऊण तास लागतो, हँड ब्लेंडरने काही मिनिटांत काम होते. मिश्रण पातळ पिठल्यासारखे होऊन वर ओढलेली रेघ क्षणभर दिसू लागली की कालवलेली हळद मिसळावी आणि प्लॅस्टिकचा कागद लावलेल्या लाकडी साच्यात ओतावे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातमोजे घालून वड्या कापाव्यात. यानंतरचे काम वाट पाहण्याचे आहे. वड्या एकमेकींना न चिकटवता, हवेशीर सावलीत चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. पाणी उडून साबण कडक होतो आणि अंगाला सौम्य लागतो. कोकणात पावसाळ्यात दमट हवेमुळे साबणाला घाम सुटतो. तेथे आणखी काही दिवस द्यावेत किंवा जून ते सप्टेंबर उत्पादन कमी ठेवावे. शेवटी ओल्या वडीवर पीएच कागद लावून पाहावा. नऊ ते दहापर्यंतचा आकडा साबणासाठी योग्य. त्याहून बराच वर असेल, किंवा वडीत पांढरे खडे अथवा तेलाचे डबके दिसले, तर तो माल विकू नये.

पिवळा साबण आणि सत्य

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वरील रीतीने केलेला साबण पिवळाधमक होत नाही. हळद टाकताच मिश्रण तांबूस-तपकिरी दिसू लागते. वाळल्यावर वडीचा रंग मंद केशरी किंवा फिकट तपकिरी होतो आणि उजेडात ठेवली तर आणखी उतरतो. नवे कारागीर येथेच घाबरतात आणि बाजारातून पिवळा रंग आणतात.

याचे कारण प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की डाग लालभडक होतो आणि उन्हात वाळत घातला की फिका पडतो. हळदीतील कुर्क्युमिन हा रंगद्रव्याचा घटक क्षारात लाल होतो आणि प्रकाशात नष्ट होत जातो. चुन्याच्या योगाने हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे. जे कपड्यावर घडते तेच साच्यात घडते. म्हणजे फिकट तपकिरी रंग हा साबणातील दोष मानण्याचे कारण नाही, हळदीचा तो स्वभाव आहे. सोड्यापासून केलेला आणि तरीही महिनोन्‌महिने लिंबासारखा पिवळा राहणारा साबण दिसला, तर त्यात दुसरा रंग असण्याची शक्यता मोठी. रंग घालणे हा गुन्हा नव्हे. सौंदर्यप्रसाधनांसाठी मान्य असलेले रंग आहेत आणि ते घटकांच्या यादीत लिहून वापरता येतात. पण रंग घालून ‘हा हळदीचाच पिवळेपणा आहे’ असे सांगणे हा धोका आहे.

रंग पिवळा यावा म्हणून हळद वाढवत जाण्यातही अर्थ नाही. जास्त हळदीचा साबण टॉवेल आणि मोरी पिवळी करतो, वडी खरखरीत होते आणि पुन्हा गिऱ्हाईक येत नाही.

तीच गोष्ट तयार साबण-बेसची. हा बेस वितळवून, चिमूटभर हळद आणि सुगंध घालून साच्यात ओतला की त्याच दिवशी वडी तयार होते. सोडा हाताळावा लागत नाही, म्हणून नवशिक्यांना ते सोयीचे आहे. परंतु अनेक बेसमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि फेसाची कृत्रिम द्रव्ये असतात. असा माल विकायला हरकत नाही, पण त्यावर ‘संपूर्ण नैसर्गिक’ असा शिक्का मारू नये. बेसमधील ग्लिसरीन आणि मेदाम्ले वनस्पतीजन्य आहेत की नाहीत, हेही पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

हळदीची खरेदीही डोळसपणे करावी. सांगली, हिंगोली, वसमत या आपल्याच राज्यातील मोठ्या पेठा आहेत. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सुटी पूड घेण्यापेक्षा हळकुंडे आणून गिरणीत दळून घेणे उत्तम. पुडीत मेटॅनिल यलो किंवा शिशाचे क्रोमेट मिसळल्याची प्रकरणे देशात घडलेली आहेत. घरगुती परीक्षा अशी : पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर शंका घ्यावी.

हिशेब

भाव रोज बदलतात. म्हणून येथे केवळ उदाहरणादाखल आकडे घेत आहोत, वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून पाहावेत. एक किलो तेलातून बारा वड्या होतात. समजा कच्चा माल ३६० रुपयांना पडला, तर वडीमागे ३० रुपये. वेष्टन ४ रुपये, वीज आणि नासधूस ३ रुपये. कामाला तीन तास लागले आणि तासाचे ६० रुपये धरले, तर मजुरी वडीमागे १५ रुपये. एकूण ५२ रुपये. वडीची छापील किंमत ७० रुपये ठेवली आणि दुकानदाराने २५ टक्के घेतले, तर हाती ५२ रुपये ५० पैसे येतात. नफा पन्नास पैसे!

आता एका वेळी पाच किलो तेलाचा घाणा घेतला, तर काम पाच तासांत होते. साठ वड्यांवर मजुरी वडीमागे ५ रुपयेच पडते. खर्च ४२ रुपयांवर येतो आणि वडीमागे १० रुपये ५० पैसे, म्हणजे घाण्यामागे ६३० रुपये सुटतात. मात्र भाडे आणि परवान्याचा खर्च यातूनच निघायचा आहे. शिवाय आठवड्याला एक घाणा धरला, तर पहिला माल विक्रीला येईपर्यंत सहा घाण्यांचे १०,८०० रुपये केवळ कच्च्या मालात अडकतात. साबण लगेच वाळत नाही आणि पैसाही लगेच फिरत नाही. मोठ्या कंपनीच्या स्वस्त वडीशी किमतीत स्पर्धा करणे तर शक्यच नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला थेट विकले तरच दुकानदाराचा हिस्सा वाचतो, आणि थेट विक्री केवळ विश्वासावर चालते.

कायदा काय म्हणतो?

येथे पुष्कळांची फसगत होते. पूर्वी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातून साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आता विक्रीसाठी अंगाचा साबण बनवायचा तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. उत्पादनाची जागा राहण्याच्या घरात किंवा घराला जोडलेली असून चालत नाही. म्हणजे स्वयंपाकघरात शिकावे, घरच्यांसाठी बनवावे, पण विक्रीचा माल तेथे करता येत नाही. उत्पादनावर देखरेख करणारी व्यक्तीही पात्र असावी लागते. औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी, एवढे शिक्षण त्यासाठी पुरते. आपल्या वस्त्यांत बारावी विज्ञान होऊन घरी बसलेल्या मुली कितीतरी आहेत. त्यांच्या शिक्षणाचा येथे थेट उपयोग आहे.

स्वतंत्र जागा परवडत नसेल तर दुसरा मार्ग आहे. परवानाधारक कारखान्यात आपल्या नावाने माल बनवून घेण्यासाठी ‘लोन लायसन्स’ मिळते. किंवा पाच-सहा भगिनींनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी. भागीदारीत भांडवलही जमते आणि व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांची सोय होते. मात्र हिस्सा, नफा-तोटा आणि काम लिहून ठेवावे. देवघेव लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकरामध्ये आहे, ती नातेवाइकांच्या भागीदारीलाही लागू आहे. ज्यांना कर्ज घ्यायचे आहे त्यांनी जिल्हा उद्योग केंद्र आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ येथे चालू योजनांची चौकशी करावी.

वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, महिना-वर्ष, कमाल किंमत, परवाना क्रमांक आणि तक्रारीसाठी संपर्क असावा. भुईमुगाचे तेल वापरले असेल तर ते ठळक लिहावे, काहींना त्याची ॲलर्जी असते. ‘मुरूम बरे होतात’, ‘रंग उजळतो’ असे काही छापू नये. रोग बरा करण्याचा दावा केला की वस्तू औषधात मोडते. आणि सावळ्या मुलीला गोरेपणाची खोटी आशा विकणे हे कायद्याआधी माणुसकीलाच धरून नाही.

वजनाची गोष्ट

साबण महिनोन्‌महिने सुकत राहतो. आज १०० ग्रॅम भरलेली वडी दोन महिन्यांनी ९६ भरू शकते. म्हणून ओली वडी १२० ग्रॅमची कापावी, पूर्ण वाळल्यावर वजन करावे आणि १०५ ग्रॅम भरली तरच तिच्यावर १०० ग्रॅम लिहावे. हे पाच ग्रॅम कोणी मागत नाही. पण मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक संपूर्ण सूरह आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन, हे आपण विसरू नये. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून, आतला ओला माल वर का ठेवला नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका व्यापाऱ्याला विचारल्याचे हदीसमध्ये आले आहे. साबणाच्या धंद्यात तो ओला माल म्हणजे लपवलेला रंग, कच्ची वडी आणि खोटा दावा.

आमची सूचना एवढीच : प्रथम एक किलोचा घाणा करा, सहा आठवडे थांबा, घरच्यांना वापरायला द्या. जमले तर चार जणींना जोडा, जागा पाहा, परवाना काढा आणि मग विक्रीला उतरा. गिऱ्हाइकाने विचारले की ‘हळदीचा साबण आहे, मग पिवळा का नाही?’, तर त्याला कपड्यावरच्या डागाचे उदाहरण द्या. एकदा ते पटले की गिऱ्हाईक रंग पाहत नाही, तुमचे नाव पाहतो. हलाल रोजीत बरकत येते ती अशाच मार्गाने. अल्लाह आपल्या कष्टाला यश देवो.